गटिंगची वही

९ नोव्हेंबर २०२४

दुपारी ट्रॅव्हल्सच्या पार्सलमधून गटिंगचं, म्हणजे बॅडमिंटन रॅकेटीत दोरी ताणून जाळी विणायचं, मशीन आलं. टेबलावर ठेवायचं, दांडीवरच्या वजनानं दोरी ताणणारं, विजेशिवाय चालणारं. पुण्यात एका क्लबात काही वर्षं वापरलेलं, अकरा हजारांना. बायको म्हणाली, दुकानात मशिनी कमी पडल्या होत्या का? तिचं चूक नाही. लातुरात औसा रोडला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सकाळी सहा ते साडेसात बॅडमिंटन, मग दिवसभर शेतावरून आलेल्या जळक्या मोटारी.

आमच्या हॉलवरच्या मंडळींचं गटिंग तुटलं की रॅकेट पुण्याला जाते आणि आठवड्यानं येते. तोवर माणूस दुसऱ्याची रॅकेट मागत फिरतो. इंग्रज अधिकारी पुण्यात हा खेळ खेळायचे आणि त्याला 'पूना'च म्हणायचे, तेव्हा रॅकेट तिकडं पाठवणं ही परंपराच म्हणायची. पण पोरीच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी गट तुटली आणि परंपरेचा कंटाळा आला.

उस्तादांनी वाइंडिंगमध्ये एक सवय लावली होती. मोटार उघडली की आधी वहीत लिहायचं, वेढे किती, गेज (तारेच्या जाडीचा नंबर) किती, जोडणी कशी. मगच जुनी तार कापायची. तीच वही इथं. प्रत्येक रॅकेटला नंबर, आणि काय चुकलं ते त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलं की माणूस स्वतःला सूट देतो.

१० नोव्हेंबर

नं. १. माझीच जुनी रॅकेट. तीन तास चाळीस मिनिटं.

पॅटर्न २२ उभे, २१ आडवे. उभ्याला मेन म्हणतात, आडव्याला क्रॉस. (लातुरात पॅटर्न म्हटलं की लोकांना एकच आठवतो, बोर्डाच्या निकालाचा. त्यामुळं सकाळी हॉलवर "पॅटर्न शिकायलाव" म्हणालो तर वकीलसाहेबांनी विचारलं, कुठला क्लास लावलाव?)

चूक पहिली. अख्ख्या दोरीत एका तुकड्यानं करायचं म्हणून आखूड बाजूला (नुसते निम्मे मेन करणाऱ्या टोकाला) सव्वादोन मीटर ठेवले. नऊ मेन झाले आणि दहाव्याला दोरी ग्रिपरपर्यंत, म्हणजे मशिनीच्या ओढणाऱ्या पकडीपर्यंत, पोचेना. सगळं सोडून परत सुरुवात.

चूक दुसरी. सातव्या क्रॉसला एका ठिकाणी 'वरून' जायच्या जागी 'खालून' गेलो. दिसलं कधी, तर पंधराव्याला. आठ क्रॉस उलटे काढले. आजोबा अंगणात बाज विणायचे तेव्हा प्रत्येक फेरीनंतर तळहात फिरवायचे. मला वाटायचं कौतुकानं फिरवतात. चुकलेला फेरा हाताला आधी लागतो, डोळ्याला नंतर, हे आज कळलं. आता प्रत्येक क्रॉस ओढायच्या आधी बोट फिरवायचं.

१४ नोव्हेंबर

दोरीचा हिशेब नीट मांडला. नियमाप्रमाणं जाळीचा भाग जास्तीत जास्त २८० मिमी लांब आणि २२० मिमी रुंद असू शकतो, प्रत्यक्षात फ्रेम त्याहून लहान असते. माझ्या रॅकेटीवर मधला मेन सगळ्यात लांब, कडेचा सगळ्यात आखूड. एका बाजूचे अकरा मेन टेपनं मोजून बेरीज केली तर अडीच मीटरच्या आसपास. त्यात फ्रेमच्या बाहेरून एका भोकातून दुसऱ्यात जाणारे वळसे आणि ग्रिपरला धरायला दीड वीत. म्हणजे तीन मीटरला हात लावायचा नाही. सव्वादोन मी कुठून आणले देव जाणे.

दहा मीटरच्या सेटमध्ये मग लांब बाजूला सात उरतात. त्यात अकरा मेन आणि २१ क्रॉस बसतात, पण ओढूनताणून. नवशिक्यानं दोन तुकड्यांत करावं, एक तुकडा मेनला, दुसरा क्रॉसला. दोन गाठी जास्त पडतात, पण चुकलं तर अर्धंच सोडावं लागतं.

वाइंडिंगवाल्याचा चाळा म्हणून मायक्रोमीटर लावला. बाजारात खूप चालणारी बीजी ६५ ही गट ०.७० मिमीची. आमच्या भाषेत २२ गेज, कारण २२ नंबरची तार ०.७११ भरते. बारीक गटी ०.६१ च्याही मिळतात, म्हणजे २३ गेज. एका गेजचा फरक. बारीक गटीला आवाज छान आणि शटल उडतं जोरात, पण त्या टिकतात कमी. मोटारीतही बारीक तारेला तेच दुखणं.

गट हा शब्द आतड्यावरून आला. पूर्वी जनावरांच्या आतड्याच्याच करायचे. आता नायलॉन. शब्द राहिला, आतडं गेलं.

२३ नोव्हेंबर

नं. ४ हॉलवरच्या एकाची. त्यानं दोन फटके मारले आणि म्हणाला, "ढिल्ली लागायलीय." मी म्हणालो, २४ पाउंडाचा ताण आहे. तो म्हणाला, आसल.

'आसल' लागलं. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय मी मोटार देत नाही, आणि इथं मशिनीच्या दांडीवर छापलेल्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा! बॅग तोलायचा हुकचा काटा आणला. आधी काटाच तपासला, शेजारच्या किराणा दुकानातली पाच-पाच किलोची दोन मापं टांगून. काटा बरोबर. मग गटीचा तुकडा काट्याला बांधून ग्रिपरमध्ये धरला. वजन २४ च्या खुणेवर. काटा म्हणतो १०.२ किलो, म्हणजे साडेबावीस पाउंड. २४ ला १०.९ दिसायला पाहिजे होते. जुन्या मालकानं कधीतरी वजन बदललं असणार.

म्हणजे पहिल्या चारही रॅकेटी दीड पाउंडानं ढिल्या. दांडीवर पांढऱ्या पेंटनं माझ्या खुणा केल्या, २० पासून २८ पर्यंत.

दुसरी गोष्ट दांडीची. वजनाच्या मशिनीत दांडी जमिनीशी आडवी आली तरच आकडा खरा. जुन्या ताजव्यासारखंच. दहा अंश वर-खाली राहिली तर फरक दीड टक्का, चालून जाईल. वीस अंश झाली तर सहा टक्के, म्हणजे २४ चे साडेबावीस. मी घाईत तीसेक वेळा तरी तिरकी सोडली असेल. आता दांडी आडवी आली नाही तर ग्रिपर सोडून परत धरायचं. वेळ जातो, जाऊ दे.

८ डिसेंबर

नं. ९. उलटी तक्रार आली. "पुण्याच्या २४ पेक्षा तुमचं २४ कडक लागायलंय." आता काटा माझ्या बाजूनं असल्यामुळं मी घाबरलो नाही. त्याची रॅकेट आधी हँडल फिरवून लॉक होणाऱ्या मशिनीवर व्हायची. त्यात आकडा गाठला की दोरी जागच्या जागी अडकते आणि क्लॅम्प (ओढलेली दोरी धरून ठेवणारा चिमटा) लावेपर्यंत नायलॉन थोडं सैल पडतं. वजनाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक मशिनीत ओढ चालूच राहते. त्यामुळं दोन मशिनींवरचं २४ एक नसतं. गिऱ्हाईक मशीन बदलतं तेव्हा आकडा एक-दोन पाउंड खाली आणून विचारायचं.

त्याच रॅकेटीत माझी चूकही होती, त्याला दिसली नाही. तिसऱ्या मेनवर क्लॅम्प घसरला. गटीवर पांढरा ओरखडा. मी तो क्लॅम्प आणखी आवळला, तर पुढच्या मेनवर दातांचे वळ उठले. खरं दुखणं क्लॅम्पच्या दातांत साचलेला मेणचट थर. स्पिरिटनं पुसल्यावर निम्म्या दाबानं धरायला लागला. घसरतंय म्हणून आवळत जाणं ही चूक एकट्या गटिंगमधली नाही, पण ते असो.

१५ डिसेंबर

आज अकरावीतला एक पोरगा आला. साडेतीनशे-चारशेची अॅल्युमिनियमची रॅकेट, जोड दिसणारी.

"काका, ३० करा."

"कामून?"

"सात्विकचा स्मॅश ५६५ चा हाय."

तो आकडा खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीनं जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारला, गिनेसमध्ये नोंद आहे. पण तो वेग त्याच्या खांद्यातून, मनगटातून आणि वेळ साधण्यातून येतो. जाळी जितकी ताठ तितकी ती शटलला कमी झोका देते. मग सगळा जोर हातानं द्यावा लागतो, आणि बरोबर मधोमध लागलं तरच चांगलं जातं. वर्षभर खेळलेल्या पोरानं ३० वर खेळलं तर शटल नेटजवळ पडतं आणि कोपर धरतं.

हे सगळं त्याला सांगितलं नाही. कार्बनच्या रॅकेटीवर दांडीच्या वरच्या टोकाला मर्यादा छापलेली असते, तिथं माझी दाखवली, २० ते २८. मग त्याची दाखवली. काहीच छापलेलं नाही. म्हणालो, तुझ्या रॅकेटीला २० करतो, तुटली तर पैसे परत. तो नाराज होऊन गेला, पण रॅकेट ठेवून गेला.

आकडा विचारणारे सगळे. रॅकेट मशिनीत कशी धरलीत, असं अजून एकानंही विचारलेलं नाही.

२९ डिसेंबर

नं. १५, फिजिक्सच्या सरांची. सहा वर्षं जुनी, चांगली कार्बनची. मेन २४ पाउंड, क्रॉस २६ पाउंड. क्रॉस दोन पाउंड जास्त, कारण मेन ओढल्यावर फ्रेम लांबीला आखडते आणि रुंदीला फुगते, ती परत आकारात आणायची असते. शिवाय विणीतल्या घर्षणात क्रॉसचा ताण थोडा गळतो.

संध्याकाळी सगळे मेन ओढून झाले आणि लाईट गेली. मशिनीला लाईट लागत नाही, मला लागते. उद्या येळवस (वेळ अमावास्या, शेतात साजरी करायची), पहाटे गावाकडं निघायचं. बॅटरीच्या उजेडात विण चुकवण्यापेक्षा परवा करू म्हणून कापड टाकून ठेवलं.

३१ डिसेंबर

नीट लिहायचं आहे म्हणून सकाळी दुकान उघडलं तरी एकही मोटार हातात घेतलेली नाही.

काल शेतात कडब्याच्या खोपीत पांडव मांडले, भज्जी, आंबील, सगळं झालं. सरांनाही घरी जाऊन भज्जीचा डबा देणार होतो. आज कापड काढलं. फ्रेमच्या वरच्या डाव्या खांद्याला, घड्याळात दहा वाजतात तिथं, रंग उडाला होता. नख लावलं तर आत गेलं. चीर.

आता कारणं. मी तीन काढली आहेत, कुणाचा वाटा किती हे ठरवता येत नाही.

पहिलं, नुसत्या मेनवर दीड दिवस ठेवली. कापड टाकताना मला ती एक थांबलेली गोष्ट वाटली होती. ती थांबलेली नव्हती.

दुसरं, डाव्या बाजूचा आधार. फ्रेमला आतून वर-खाली आणि बाहेरून चारही खांद्यांना आधार असतात. बाजूचे आधार फ्रेमला नुसते टेकले पाहिजेत, दाबायचे नाहीत. एका भोकात दोरी घालायला अडचण येत होती म्हणून मी डावा आधार दोन फेरे मागं घेतला होता. परत पुढं घेतला नाही. चीर नेमकी तिथं.

तिसरं, आधीची इजा. सर डबल्स खेळतात, रॅकेट रॅकेटला लागते. जुनी गट कापल्यावर ओल्या कापडानं फ्रेम पुसून, नखानं चाचपून बघायला पाहिजे होती. मी बघितली नाही. त्यामुळं तिसरं कारण होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. आणि माझ्या चुकीवर पांघरूण घालायला ते वापरायचा हक्कही मला नाही.

संध्याकाळी सरांकडं गेलो. रॅकेट टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन्सिल घेतली.

"बावीस गुणिले चोवीस. पाचशे अठ्ठावीस पाउंड. दोनशे चाळीस किलोच्या जवळ. सोयाबीनचे चार कट्टे एकावर एक, टोकापासून दांड्याकडं दाबायलेत, आणि आडवं धरायला काहीच नाही."

मग खाली दुसरी ओळ. एकवीस गुणिले सव्वीस, पाचशे सेहेचाळीस. "क्रॉस झाले की बाजूनंही तेवढंच. मग फ्रेम गप बसते." (त्यांनीच पुढं सांगितलं की हा कागदावरचा हिशेब, कारण पुढच्या दोऱ्या ओढल्या की मागच्या थोड्या सैल पडतात. शिक्षक ते शिक्षक.)

पैसे घ्या म्हणालो, साडेसात हजारांची होती. घेतले नाहीत. चहा दिला. पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

५ जानेवारी २०२५

मशिनीच्या वर भिंतीवर खडूनं लिहिलं : मेन ओढले की क्रॉस पूर्ण केल्याशिवाय उठायचं नाही. वेळ नसेल तर मेन सुरूच करायचे नाहीत.

त्याचाच भाऊ असलेला दुसरा नियम गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. एक गट तुटली की रॅकेट तशीच पिशवीत ठेवून देऊ नका. उरलेल्या दोऱ्या एकीकडं ओढत राहतात. घरी कात्री घ्या, मधल्यापासून सुरू करून कडेकडं जा, उभी-आडवी आळीपाळीनं, सगळी जाळी कापून टाका. लोकांना वाटतं मी कापायचं काम त्यांच्यावर ढकलायलाव.

मेन ओढतानाही तेच तत्त्व. मधून सुरुवात, डावीकडं एक-दोन, उजवीकडं एक-दोन. एक बाजू आधी उरकली तर फ्रेम तिरकी होते. हे मी पहिल्या दिवसापासून पाळत आलो आहे, तेवढं एक पुण्य.

१२ जानेवारी

नं. १८ परत आली. चार दिवसांत तुटली. गिऱ्हाईक म्हणतं गट खराब. मी बघितलं, वरच्या बाजूला, फ्रेमच्या अगदी काठाशी तुटलीय. झिजून तुटली असती तर मधोमध, जिथं मेन-क्रॉस घासून खाचा पडतात तिथं तुटली असती. काठाशी तुटली म्हणजे शटल मधे न लागता टोपीवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या काठाशी, लागलं. तसं सांगितलं. त्याला आवडलं नाही.

१९ जानेवारी

नं. २०. पाच दिवस. काठाशीच.

नं. २१. तीन दिवस. काठाशीच. आणि ही माझ्या पोरीची, जी टोपीवर मारत नाही.

१८ च्या गिऱ्हाइकाला फुकट करून द्यायला पाहिजे.

ग्रोमेटं तपासली. फ्रेमच्या भोकांत ज्या प्लॅस्टिकच्या नळ्या असतात ती ग्रोमेटं. मोटारीत स्लॉट पेपर जे करतो तेच ती इथं करतात. स्लॉटच्या पत्र्याची धार आणि तार यांच्यामध्ये कागद नसेल तर तार कितीही चांगली असो, जळणार. इथं कार्बनची धार आणि गट. २० मध्ये चार ग्रोमेटं चिरलेली निघाली, बदलली. ही चूक मी स्वतः वाइंडिंगवाला असून केली याची लाज वाटली. जुना स्लॉट पेपर ठेवून नवी तार कधी भरली आहे का मी?

पण २१ ची ग्रोमेटं धड होती.

२ फेब्रुवारी

सापडलं. गुन्हेगार मीच.

तुटलेले तुकडे टाकले नव्हते. भिंगाखाली धरले. तिन्हींत तुटण्याच्या जागेजवळ गटीच्या वरच्या सालीला एक बारीक उभी चीर. घासल्याची खूण नव्हे, टोचल्याची. आणि तिन्ही वेळा जागा तीच, वरच्या बाजूचं भोक, जिथून मेन आधीच गेलेला असतो आणि त्याच भोकातून पुन्हा क्रॉसची दोरी घालायची असते. वाट नसते म्हणून आरी खुपसून वाट करावी लागते.

मशिनीबरोबर आलेली आरी बोथट होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी ती ग्राइंडरवर धरून टोकदार केली. हत्यार बोथट बघवत नाही, खोड आहे. आरी बोथट असते ती मुद्दाम, आधीच्या दोरीला बाजूला सारायला. टोकदार आरी दोरीत शिरते. बाहेरून काही दिसत नाही, २४ पाउंडही सोसते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका साध्या क्लिअरला (मागच्या रेषेपर्यंतच्या उंच फटक्याला) जाते.

आरीचं टोक गोल घासून पॉलिश पेपरनं चकचकीत केलं. शक्य तिथं क्रॉसची दोरी तिरकी कापून तिचंच टोक सुईसारखं करतो, आरी लागतच नाही. तिघांचीही गट फुकट. "टोपीवर मारलंव" म्हणून ज्याला सांगितलं होतं त्याची माफी मागितली. तो हसला. म्हणाला, "टोपीवर बी मारतोच की."

१६ फेब्रुवारी

बारावीची परीक्षा सुरू. हॉल निम्मा रिकामा. आठवड्यात एक रॅकेट. मोटारीही कमी.

२ मार्च

नं. ३३ ते ३६, एका दिवसात चार. वेळ आता सव्वा तासावर आला.

क्रॉसबद्दल लिहायचं राहिलं होतं. विणलेली दोरी सरळ खेचून घेतली तर ती मेनच्या एकाच बिंदूवर करवतीसारखी चालते. नायलॉन तापतं आणि खेळायच्या आधीच खाच पडते. खेचताना दोरी कमानीसारखी वर-खाली हलवत न्यायची म्हणजे घासणं एका जागी राहत नाही. आणि एक क्रॉस ओढायच्या आधी पुढचा विणून ठेवायचा. त्यानं मेन वर-खाली उघडे राहतात, विण सोपी जाते. ही युक्ती दोन महिने आधी कळली असती तर कंबर वाचली असती.

गाठीबद्दल : मशिनीनं गाठ आवळू नये. एकदा आवळली, गाठीनं स्वतःलाच कापलं. नाकपक्कडनं, फ्रेमवर टेकू न देता, हातानंच.

६ एप्रिल

नं. ४८, डॉक्टरांची. दोन आठवड्यांत जाळी मऊ पडली म्हणून आले. आवाज मोजायचं अॅप आहे, जाळीवर टिचकी मारायची. काम झालं की मी प्रत्येक रॅकेटीचा सूर वहीत लिहून ठेवतो. डॉक्टरांचा सूर बराच खाली. नवी गट पहिल्या दिवसात थोडी उतरतेच, पण एवढी नाही.

रॅकेट कुठं ठेवता, विचारलं. गाडीत, मागच्या काचेखाली. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, बंद गाडीच्या आत तर हात ठेववत नाही. नायलॉन उष्णतेनं सैल पडतं, आणि पडलेला ताण थंड झाल्यावर परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, "आम्ही पेशंटला सांगतो औषध उन्हात ठेवू नका." मी काही बोललो नाही.

पुन्हा गटिंग नको म्हणालो, अजून महिनाभर चालेल. रॅकेट घरात ठेवा.

१९ एप्रिल

पोरीनं आज स्वतः एक रॅकेट केली, नं. ५३, तिचीच. मी फक्त बसलो होतो. सातव्या क्रॉसला ती चुकली. मी गप्प राहिलो. आठवा घालायच्या आधी तिनं जाळीवरून बोट फिरवलं आणि थांबली. "पप्पा, तुम्हाला दिसलं होतं न?" हो म्हणालो. मग ती दहा मिनिटं बोलली नाही.

२७ एप्रिल

दुकान उघडताना शटरला पिशवी अडकवलेली. आत रॅकेट, नवी, या वर्षीचीच दिसते, आणि वहीच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. '२४/२६. घाई नाही. पण सुरू केली तर संपवा.' खाली सही नाही. अक्षर ओळखीचं, एकवीस गुणिले सव्वीस ज्यात लिहिलं होतं तेच. पुण्याला जायच्या पिशव्यांत डिसेंबरपासून त्यांची पिशवी बघत होतो.

एक तीन एचपीची मोटार उघडून ठेवली होती, ती झाकली.

नं. ५६. जुनी गट कापली. फ्रेम ओल्या कापडानं पुसली, नखानं पूर्ण फिरून तपासली, दहाच्या काट्याला दोनदा. ग्रोमेटं सगळी ठीक. सहाही आधार लावले, बोटानं हलवून बघितले. मेन ११.४०, क्रॉस १२.५०, गाठी १२.५५. मधे दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना बसवलं. एक शिव्या देऊन गेलं.

दुपारी एकला रॅकेट सरांच्या घरी दिली. सर कॉलेजला होते.